वायरमनकाकांची मिक्स मॅच

मॅचचा मोसम सुरू झाला की वायरमनकाका कोणाच्याही घरचा चहा घ्यायचे नाहीत. भातं कापून शेतं मोकळी झाली की हे सुरू व्हायचं ते थेट होळीपर्यंत. कोणाची लाइट गेली म्हणून ते भर उन्हात खांबावर चढलेले असायचे. खाली उतरल्यावर घरची बाई कप घेऊन पुढे आली की ते आधी विचारायचे, "तुमच्यातलं कोन खेळतं काय गो आमच्यात?" खेळत असेल तर लांबूनच हात जोडायचे. "चहा पोटात गेला की मूठ वर जात नाय."

सॉफ्टबॉलमध्ये खेळाडू बाद झाला की अंपायर मूठ वर करतो. पण ती बाई बिचारी कप हातात घेऊन तशीच उभी राहायची. वायरमनच्या मुठीचा आणि चहाचा काय संबंध, हे तिला कोण सांगणार?

काका वीज खात्यात वायरमन होते. उंच, काटकुळे, पाठीत जरा वाकलेले. खाकी शर्टाच्या खिशात पकड आणि टेस्टर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. रविवारी अंपायर म्हणून उभे राहतानाही तेच हेल्मेट असायचं. आम्ही एकदा त्यांना चांगली टोपी आणून दिली, ती त्यांनी आपल्या म्हशी राखणाऱ्या पोराला देऊन टाकली. मैदानावर ते कधी खाली बसले नाहीत. दोन मॅचच्या मधल्या वेळातही बांधावर उभे राहून डबा खायचे. मॅच संपेपर्यंत निकालाशिवाय आणि नियमाशिवाय एक शब्द बोलायचे नाहीत. कोणी काही विचारलं तर फक्त मान हलवायचे. "अंपायर गप्पा मारायला लागला की निकाल पातळ होतो," हे त्यांनी मला नंतर, मॅच संपल्यावर, सांगितलं होतं.

मी त्यांना सापडले ती खर्डीला, आमच्या घरामागच्या खांबापाशी. मी शहापूरला एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. त्या दिवशी सुट्टी होती आणि सकाळपासून लाइट नव्हती. काका वर चढून तार जोडत होते. त्यांच्या हातातून चिकटपट्टीचं रीळ सुटलं आणि आमच्या कुंपणात पडलं. ते उतरायला लागले, तेवढ्यात मी ते उचललं आणि खालून वर फेकलं. त्यांनी एका हाताने झेललं. मग काम तसंच ठेवून खाली माझ्याकडे बघत राहिले.

"परत टाक," म्हणाले, आणि रीळ खाली सोडलं.

मी परत टाकलं. परत त्यांच्या पंजातच गेलं.

"सॉफ्टबॉल खेळलीस काय गो तू?"

मी चाटच पडले. दहावीला खेळाचे जादा मार्क मिळतात म्हणून शाळेत खेळले होते. एकदा जिल्ह्यालाही गेले होते. पण त्याला वर्षं झाली होती आणि घरातसुद्धा कोणाच्या ते लक्षात नव्हतं.

"रविवारी शहापूरच्या मैदानावर ये," काका खांबावरूनच म्हणाले. "पहिल्या बेसला मानूस नाय आमच्याकडं."

"काका, मी आता नोकरी करते."

"मग काय हात नोकरीला ठेवलास काय?"

आई दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती हसली. त्या एका हसण्यावर मी रविवारी गेले.

त्यांच्या लीगला नाव नव्हतं. लोक 'मिक्स मॅच' म्हणायचे, कारण बायका आणि पुरुष एकत्र खेळायचे. शहापूर, खर्डी, मुरबाड आणि धसई अशा चार टीम. खेळणारे म्हणजे दुकानदार, शिक्षक, अंगणवाडीच्या ताया, भिवंडीला गोदामात कामाला जाणारी पोरं, दोन-तीन शेतकरी. सगळ्यांनी शाळेत कधीतरी हा खेळ खेळलेला, आणि पुढे तो सुटलेला. ग्लोव्ह कमी होते, म्हणून एका टीमची फील्डिंग संपली की ते जमिनीवर टाकायचे आणि दुसऱ्या टीमने उचलायचे. बेस काकांनी स्वतः शिवलेले असायचे, सिमेंटच्या गोणीत पेंढा भरून.

नियम मात्र त्यांचे कडक होते. टीममध्ये पाच बाया आणि पाच बाप्ये. चारच बाया आल्या तर बाप्येही चारच खेळणार, बाकीच्याने बांधावर बसायचं. बाई बॅटिंगला आली की पुरुषांना सवयच असते चार पावलं पुढे सरकायची, हिचा चेंडू कुठे लांब जातोय म्हणून. तसं कोणी सरकलं की काका खेळ थांबवायचे, हात वर करायचे आणि ओरडायचे, "मागं व्हा!" जो सरकला असेल तो मूळ जागेवर जाईपर्यंत चेंडू टाकू द्यायचे नाहीत. मुरबाडचा एक मास्तर एकदा हुज्जत घालायला लागला, की फील्डरने कुठे उभं राहायचं ते फील्डर ठरवतो, पुस्तकात तसंच आहे. काका म्हणाले, "पुस्तक घेऊन घरी जा. हितं मागं व्हा."

बायका जमवायच्या हे सर्वांत अवघड काम, आणि ते काका स्वतः करायचे. वायरमन असल्यामुळे त्यांना कोणाच्याही अंगणात जाता यायचं. फ्यूज बघायला म्हणून जायचे आणि सासूबाईंशी बोलत बसायचे. म्हणजे उभेच राहायचे. धसईजवळच्या एका वाडीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्या घरच्या सुनेने, मनीषाने, कॉलेजात असताना पिचिंग, म्हणजे चेंडू टाकायचं काम, केलेलं. सासू भाताला वारं देत होती. तिने सूप खाली ठेवलंच नाही.

"सून काय चेंडू मारत फिरल आता?"

"दोन तासांचा तर खेळ हाये आजी. बाजाराला जाते तेव्हा किती वेळ लागतो?"

"बाजारातून भाजी येते. तुमच्या मैदानातून काय येनार?"

काकांनी टेस्टर खिशात ठेवला. मग म्हणाले, "ती येल ना. हसत येल."

सासूने त्यांच्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि पुन्हा सूप हलवायला लागली. होही म्हणाली नाही आणि नाहीही. पण पुढच्या रविवारी मनीषा आली, आणि तिच्यामागून थोड्या वेळाने सासूही आली, सून खरंच चेंडू मारते की काय ते बघायला.

निकालाच्या बाबतीत काकांना नातं नव्हतं. एका मोसमात काकूसुद्धा शहापूरकडून खेळल्या होत्या. एका मॅचमध्ये काकांनी त्यांना प्रत्येक वेळी बाद दिलं. काकू म्हणत होत्या की शेवटचा चेंडू गुडघ्याच्या खाली होता, म्हणजे धरायचाच नव्हता. नंतर आठवडाभर काकांच्या ताटात नुसती पेज पडत होती. ते हे सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचे. "बॉल गुडघ्यावरच होता," असं शेवटी म्हणायचे. त्यांच्या निकालावर कोणी भांडायचं नाही. खेळाडूंना कितीही राग आला तरी मनात ठाऊक असायचं की काकांनी जे बघितलं तेच सांगितलं.

धसईला मॅच असली की मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचे. शहापूरहून किन्हवलीमार्गे रस्ता, आणि मांडीवर पेंढ्याचे बेस. मॅच कापणी झालेल्या शेतात व्हायची. धसकटं टोचायची, आणि शेजारच्या शेतात वाल लावलेले असायचे. तिथे चेंडू गेला की वालाचा मालक आधी चेंडू खिशात घालायचा आणि मग शिव्या द्यायचा.

पण काका आधी मैदानावर जायचे नाहीत. गावात शिरताना एका घरापुढे गाडी उभी करायचे. ते त्यांच्या धाकट्या बहिणीचं सासर होतं. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणायचो. पंचेचाळिशीच्या, काकांसारख्याच उंच, कमी बोलणाऱ्या. काका अंगणात उभे राहायचे आणि हाक मारायचे, "बाय, चल गो. येतेस ना मैदानात?"

आत्या आतून म्हणायच्या, "भाकऱ्या टाकायच्यात."

"मग टाकून ये."

"मग भांडी हायेत."

एवढंच. मग आत्या चहा आणायच्या. हा एकच चहा काका मोसमात घ्यायचे, कारण आत्या खेळत नव्हत्या. चहा पिऊन कप स्वतः विसळायचे आणि निघायचे. दर वेळी हेच. मला पहिल्यांदा वाटलं, बहीण-भावाची थट्टा चालली आहे. पण एकदा परत येताना किन्हवलीच्या पुढे गाडी पंक्चर झाली. आम्ही गाडी ढकलत चाललो होतो, तेव्हा काका आपणहून बोलले.

"बाय माझ्यापेक्षा दहा पट खेळायची. जिल्ह्यात तिच्यासारखी पोर नव्हती. राज्याच्या टीममधी नाव आलं होतं तिचं."

"मग?"

"बाबा नाय बोलले. पोरी-पोरं एकत्र जानार, आठ दिवस बाहेर राहनार. आमचं घर तेव्हा धसईजवळच्या वाडीत. ती न सांगता पहाटेच मुरबाडला गेली. बाबांनी मला पाठवलं. मी सायकल हाणत गेलो. ती एसटीत बसली होती. मी आत गेलो आणि हात धरून उतरवली." ते गाडी ढकलत राहिले. "ओरडत होती गो. सगळा स्टँड बघत होता. सायकलवर मागं बसवून घरी आनली. सगळ्या रस्त्यात एक शब्द बोलली नाय. त्यानंतर तिनं बॉल हातात धरला नाय."

मी म्हटलं, "तेव्हा तुम्हीही लहानच होता ना काका."

"लहान कसला. लायनीवर लागलो होतो. बाबांना 'नाय जात' असं बोलता आलं असतं."

मग मला त्यांचे सगळे नियम वेगळे दिसायला लागले. पाच बाया मोजणारा, सासवांच्या अंगणात उभा राहणारा हा माणूस एका मुलीची वाट बघत होता.

आणि ती आली. एका रविवारी धसईची एक खेळाडू आजारी पडली. चारच बाया उरल्या. एका पुरुषाला बसावं लागणार म्हणून धसईवाले कुरकुरत होते. आत्या त्या दिवशी काकांचा विसरलेला चष्मा द्यायला शेतावर आल्या होत्या. मनीषाने त्यांचा हात धरला. "आत्या, नुसत्या उभ्या राहा हो. आमचा मानूस तरी वाचल."

आत्यांनी काकांकडे बघितलं. काका अंपायर होते, बोलणार नव्हते. पण मी पाहिलं, त्यांनी ब्रशने होमची, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या जागेची, रबरी चटई पुसायला घेतली आणि पुसतच राहिले.

आत्यांनी पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि बॅट हातात घेतली. त्यांनी ती धरली तशी आमच्यातल्या कोणालाच धरता येत नव्हती. मी खर्डीकडून पहिल्या बेसवर होते. आमचे दोघे-तिघे दोन पावलं पुढे सरकले, आणि काका ओरडले, पण आवाज जरा फाटला.

पहिला चेंडू आत्यांनी जाऊ दिला. दुसरा मारला. जोरात, जमिनीलगत. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या आमच्या शॉर्टस्टॉपने तो कसाबसा अडवला आणि माझ्याकडे फेकला. आत्या अनवाणी धावत येत होत्या, धसकटांवरून. चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये आला आणि मग त्यांचा पाय बेसवर पडला. फार नाही, एका पावलाचा फरक. पण फरक होता, म्हणजे आत्या बाद. मला दिसला, आमच्या सगळ्या टीमला दिसला, बांधावरच्या पोरांनाही दिसला.

काकांनी दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ!"

काकांचा निकाल होता, म्हणून आम्ही आपल्याच डोळ्यांवर शंका घेतली असेल. बोलल्या त्या आत्याच. धापा टाकत होत्या.

"दादा, मी आउट हाये."

"सेफ."

"बॉल हिच्या हातात आधी आला. मी बघितला."

"अंपायर मी हाये."

"म्हनून काय झालं?" आत्यांचा आवाज चढला. "मला नको असली मेहेरबानी. मी काय लंगडी हाये? धावले, पोचले नाय, आउट. दे आउट."

काकांचे हात आडवेच होते. आत्या बेसवरून उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि बांधावरून घरी निघून गेल्या.

मॅच काकांनी पुरी केली. बाकीचे सगळे निकाल नेहमीसारखे चोख दिले. संध्याकाळी शहापूरला पोचल्यावर त्यांनी बेस आणि चटई माझ्या हातात दिली.

"पुढच्या रविवारपासून तू उभी राहा."

"काका, एक निकाल चुकला म्हणून काय कोणी..."

"चुकला नाय. चुकला असता तर उभा राहिलो असतो. मी मुद्दाम दिला."

मी खूप समजावलं. काकूंनी समजावलं. मुरबाडचा तो मास्तरसुद्धा घरी येऊन गेला, म्हणाला, तुमच्याशिवाय हुज्जत घालायला मजा नाही. काका हसले, पण आले नाहीत.

आणि गंमत बघा, पुढच्या रविवारी आत्या आल्या. नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घालून, साडीखाली लेकीची ट्रॅकपँट चढवून. मी काकांच्या जागी उभी होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "दादा कुठं हाये?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "येडा हाये," आणि तिसऱ्या बेसला जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर होळीपर्यंत त्यांनी एकही मॅच चुकवली नाही. तिसऱ्या बेसवरून त्यांनी फेकलेला चेंडू अगदी सरळ रेषेत यायचा. एकदा त्यांनी मारलेला चेंडू वालाचं शेत ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर गेला, आणि वालाच्या मालकाने पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या.

काका हे सगळं माझ्याकडून ऐकायचे. सोमवारी दवाखान्याच्या दारात गाडी थांबवायचे. "बायनं काय केलं?" मी सांगायचे. ते एकेक बारीकसारीक विचारायचे. चेंडू कुठल्या बाजूला गेला, पाय कुठे होता, फील्डर पुढे सरकले होते काय. मी म्हणायचे, "एकदा येऊन बघा ना. अंपायर नका होऊ, बांधावर उभे राहा."

"रविवारी लायनीवर असतो हल्ली," ते म्हणायचे. आत्यांच्या फोनलाही हेच उत्तर. रविवारची ड्युटी त्यांनी मागून घेतली होती, हे काकूंनी मला सांगितलं. धसईच्या अंगणातला तो चहाही बंद झाला. आत्या आता खेळत होत्या ना.

त्या पावसाळ्यात गणपतीच्या आधी काका गेले. लायनीवर नाही, घरीच. दुपारी जेवून आडवे झाले, छातीत कळ आली, आणि शहापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. आत्यांना खेळताना त्यांनी पुन्हा बघितलं नाही. त्या एका चेंडूपलीकडे काहीच बघितलं नाही.

दिवाळीनंतर मॅच पुन्हा सुरू झाल्या. धसईच्या शेतात मुरबाडची टीम यायची होती, तिला उशीर झाला. आत्या आणि मी बांधावर बसलो होतो. मी काकांबद्दल बोलत होते. पंक्चरच्या दिवशी त्यांनी काय सांगितलं, तेही बोलून गेले. वाटलं, आत्यांना कळावं की त्यांना किती लागलं होतं.

आत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यानं तुला सांगितलं, एसटीतून उतरवली?"

"हो."

"ती एसटी धसईची होती."

मला कळलंच नाही.

"टीमची गाडी निघून गेली होती गो. मी चढले होते तिच्यात. सगळ्या पोरी ठाण्या-कल्याणच्या, बुटं घातलेल्या, भरभर बोलनाऱ्या. मला त्यांच्यात बसवेना. सरांना बोलले, ताप आला, आणि उतरले. मग घरी यायला धसईच्या एसटीत बसले. तेवढ्यात हा आला. त्यानं पाटी वाचलीच नाय. आला आणि हात धरून ओढायला लागला."

"पण तुम्ही ओरडत होता..."

"सगळी बघत होती. मला लाज वाटली. आणि खरं सांगू? बरं पन वाटलं. मी भ्याले असं कोनाला सांगायला नको. भावानं आनली, बस." त्या शेतातलं एक धसकट उपटून हातात फिरवत होत्या. "सगळी त्याला बोलायची. आईसुद्धा बोलायची, पोरीचं नुकसान केलंस. तो ऐकून घ्यायचा."

"मग पुढे कधी सांगितलं नाही? एवढी वर्षं?"

"लग्न झालं, पोरं झाली, विसरल्यासारखं झालं. मग त्यानं ही मॅच काढली आणि दर खेपेला अंगनात येऊन उभा राहायला लागला. भाऊ कवा येतो गो बहिनीकडं? गनपतीला, भाऊबीजेला. हा मोसमभर यायचा. सांगितलं असतं तर त्याच्या डोक्यावरचं उतरलं असतं, आणि मग तो कशाला आला असता?"

त्यांनी हातातलं धसकट फेकून दिलं.

"त्या सेफच्या दिवशी सांगायला पायजे होतं. मला राग आला. मग मनात बोलले, फोनवर सांगायची गोष्ट नाय, गनपतीला येल तेव्हा समोर बसवून सांगू. हसला असता. मला शिव्या घातल्या असत्या, मग हसला असता."

मुरबाडवाल्यांची जीप रस्त्यावर येऊन थांबली आणि माणसं उतरायला लागली. मनीषाने लांबून हाक मारली. आत्या उठल्या नाहीत.

"वहिनीला नको सांगू," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "नाय, सांग. मीच सांगते." आणि तरी तिथेच बसून राहिल्या.